चोवीस महिन्यांचे पांडित्य

गेल्या सात वर्षांत मी एकाच व्यक्तीसाठी अकरा शिफारसपत्रे लिहिली. बारावे लिहायला बसलो आणि हात अडला.

ती पुण्यात माझ्याकडे संस्कृत शिकली. एम.ए. झाल्यावर तुलनात्मक भाषाशास्त्राच्या ओढीने आयर्लंडला गेली, तिथे प्राचीन आयरिश शिकली आणि आठव्या शतकातल्या एका कायदेग्रंथावर तिने पीएच.डी. मिळवली. त्यानंतर दोन फेलोशिपा झाल्या, दोन वेगळ्या देशांत. आता तिसरीसाठी अर्ज होता. शिफारस करणाऱ्यासाठी एक प्रश्न होता : उमेदवार चोवीस महिन्यांत नेमके काय पूर्ण करील? मी लिहिले की ती या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करील. पाठवण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवले.

"सर, आवृत्तीचं लिहू नका," ती म्हणाली. "दोन वर्षांत ती होत नाही हे परीक्षकांना कळतं. तीन लेख आणि एक कार्यशाळा, एवढंच लिहा."

"मग आवृत्ती?"

"ती मी रात्री करते."

तिने सांगितले तसे मी लिहिले. त्यात खोटे काही नव्हते; फक्त जे खरे काम, त्याचाच उल्लेख नव्हता. पत्र रवाना झाल्यावर लाज वाटली. तिची नव्हे, माझी आणि त्या रकान्याची. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मध्ययुगीन आयरिशसारख्या विषयात नवोदितांसाठीची फेलोशिप ही नोकरी लागेपर्यंतचा आधार म्हणून आली आणि आता ती नोकरीच्याच जागी ठाण मांडून बसली आहे. ज्या कामाला माणसाचे आयुष्य लागते ते चोवीस-चोवीस महिन्यांच्या तुकड्यांत विकत घेता येते, असा समज तिने रूढ केला आहे. हा समज त्या विषयाच्या मुळावर येणारा आहे. आयर्लंडातल्या आणि युरोपातल्या विद्यापीठांचे हे दुखणे भारतीय वाचकाने कशाला ऐकून घ्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल, आणि त्यात आपल्या पूर्वजांच्या पैशाचा हिशेबही येईल.

आधी काम काय आहे ते पाहू. प्राचीन आयरिश म्हणजे ढोबळमानाने सातव्या ते नवव्या शतकातली भाषा. त्यापुढे बाराव्या शतकापर्यंतची ती मध्य आयरिश. प्राचीन आयरिशची त्याच काळात लिहिली गेलेली मोठी सामग्री आज व्युर्ट्सबुर्ग, मिलान आणि सेंट गॅलन या गावांत आहे, आयर्लंडात नाही. आयरिश भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या समासांत आणि ओळींच्या मधल्या जागेत आपल्या भाषेत टिपा लिहिल्या. कुठे पौलाची पत्रे, कुठे स्तोत्रांवरचे भाष्य, कुठे प्रिसियनचे लॅटिन व्याकरण. ही पुस्तके युरोपच्या मुख्य भूमीवर राहिली म्हणून त्या टिपा वाचल्या. त्यांच्यावरूनच पुढे या भाषेचे व्याकरण उभे राहिले.

त्या व्याकरणात क्रियापद असे आहे की भलेभले हात टेकतात. 'म्हणतो' याला 'अस्बेर', पण 'म्हणत नाही' याला 'नी एबिर'. 'करतो' याला 'दोग्नी', पण 'करत नाही' याला 'नी देनी'. नकार लागताच आघात सरकतो आणि सगळा शब्द आक्रसून ओळखू न येण्याइतका बदलतो. प्रत्येक संयुक्त क्रियापदाची अशी दोन रूपे, त्यांत काळ, अर्थ आणि मध्येच शिरणारी सर्वनामे. वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहू शकतो हे ठाऊक असलेल्याला थोडा धीर येतो, एवढेच. त्यात कायदेग्रंथांची तऱ्हा आणखी वेगळी. मजकूर मुख्यतः सातव्या-आठव्या शतकातला, पण हस्तलिखिते चौदाव्या ते सोळाव्या शतकातली. मूळ वाक्य मोठ्या अक्षरांत, भोवती बारीक अक्षरांत टिपा आणि भाष्ये. त्यांतली काही मूळ वाक्य समजून लिहिलेली, काही न समजता. नक्कल करणाऱ्याने आपल्या काळाचे शुद्धलेखन मागल्या शब्दांवर चढवलेले. कुठला थर कुठल्या शतकातला हे ओळखणारी नजर तयार व्हायला वर्षे जातात. माझी विद्यार्थिनी पदरात संस्कृत घेऊन गेली होती, तरी अशा पानापुढे आधाराविना बसायला तिला सहा वर्षे लागली.

हे मध्ययुगीन आयरिश लोकांनाही माहीत होते. कवींच्या दर्जांवरच्या त्यांच्या एका कायदेग्रंथात सात पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत वरचा तो 'ओलव'. त्याला साडेतीनशे रचना अवगत असाव्यात आणि त्याची प्रतिष्ठा, म्हणजे त्याचा अपमान केल्यास भरावे लागणारे मोल, छोट्या राज्याच्या राजाइतकी असावी, असा नियम. छंदशास्त्रावरच्या त्यांच्या ग्रंथांत कवीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम बारा वर्षांचा आहे. आजच्या आयरिश भाषेत 'ओलव' या शब्दाचा अर्थ 'प्राध्यापक' असा आहे. शब्द टिकला, बारा वर्षांचे मात्र चोवीस महिने झाले.

आता हा विषय उभा कोणाच्या पैशावर राहिला, ते बघू.

पाया घातला बव्हेरियातल्या योहान कास्पार त्सॉइस यांनी. इतिहास शिकवून पोट भरणारा हा माणूस गावोगावच्या ग्रंथालयांत जाऊन त्या टिपा उतरवून घेत राहिला आणि १८५३ साली त्याने केल्टिक भाषांचे लॅटिनमधून लिहिलेले व्याकरण छापले. तीन वर्षांनी तो वारला. त्याच्यामागून आलेल्यांत सर्वांत दांडगे काम व्हिटली स्टोक्स यांचे, आणि ते झाले भारतात. डब्लिनचे हे वकील १८६२ साली मद्रासला आले, पुढे कलकत्त्याला गेले, कायदे तयार करणाऱ्या खात्याचे सचिव झाले आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी सदस्य होते. आपल्या दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेच्या संहितांवर त्यांचा हात फिरलेला आहे. दिवसा ते भारतासाठी कायदे लिहीत आणि उरलेल्या वेळी प्राचीन आयरिश ग्रंथ संपादित करीत. कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक, जो ९०८ साली लढाईत पडला, त्याच्या नावावर असलेला शब्दकोश स्टोक्स यांनी १८६८ साली प्रसिद्ध केला. कुठे? कलकत्त्याला.

त्या कोशाचे महत्त्व सांगायला एक शब्द पुरे. सेंट गॅलनच्या व्याकरणाच्या पोथीत समासात एका लेखकाने ओगम या जुन्या रेघांच्या लिपीत एकच शब्द लिहून ठेवला आहे. त्याची फोड कॉर्मकच्या कोशात मिळते : दारूने मारलेला. आदल्या रात्रीची उतरली नव्हती, एवढीच बापड्याची तक्रार. नवव्या शतकातल्या भिक्षूच्या डोकेदुखीचा खुलासा ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक हुगळीच्या काठी छापले गेले.

आणि स्टोक्स यांचा पगार? तो भारताच्या महसुलातून. म्हणजे बंगालच्या, मद्रासच्या आणि मुंबई इलाख्याच्या रयतेने भरलेल्या सारा-पट्टीतून. मध्ययुगीन आयरिशच्या अभ्यासासाठी दिली गेलेली पहिली भरभक्कम फेलोशिप आपल्या पणजोबांनी दिली, त्यांना न विचारता. ती वीस वर्षांची होती. तेव्हा 'आपला काय संबंध' असे निदान आपण तरी म्हणू नये.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर हा भार त्या राज्याने उचलला. १९४० साली, युरोप पेटलेला असताना, एमन डी व्हॅलेरा यांच्या सरकारने डब्लिनमध्ये उच्च अध्ययन संस्था काढली. सुरुवातीला तिच्या दोनच शाखा : एक सैद्धांतिक भौतिकशास्त्राची, जिथे हिटलरच्या छायेतून बाहेर पडलेले श्रोडिंगर आले, आणि दुसरी केल्टिक अध्ययनाची. गरीब देश, युद्धाची टंचाई, आणि मंत्रिमंडळ ठरवते की पुंजभौतिकी आणि प्राचीन आयरिश क्रियापद यांना एकाच छपराखाली आयुष्यभराच्या जागा द्यायच्या. विरोधकांनी थट्टा केली. पण टुर्नआयझन यांचे १९०९ चे जर्मन व्याकरण १९४६ मध्ये सुधारून इंग्रजीत आले ते याच संस्थेकडून, आणि आजही ते बाजूला ठेवून कोणाला पुढे जाता येत नाही. डॅनियल बिन्ची यांनी प्राचीन आयरिश कायद्याची सगळी हस्तलिखिते उतरवून सहा खंड छापले ते १९७८ साली. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. रॉयल आयरिश अकादमीच्या आयरिश कोशाचा पहिला भाग १९१३ चा आणि शेवटचा १९७६ चा. त्रेसष्ट वर्षे.

यांपैकी एकही गोष्ट चोवीस महिन्यांच्या अर्जात बसली असती का? बिन्चींना विचारले असते, "आपण दोन वर्षांत काय पूर्ण कराल?" तर ते काय लिहिते? तीन लेख आणि एक कार्यशाळा?

आज चित्र असे आहे. आयर्लंड सरकारची पोस्टडॉक्टरल फेलोशिप एक किंवा दोन वर्षांची. युरोपीय संघाची मारी क्युरी फेलोशिप युरोपात बारा ते चोवीस महिन्यांची. दोन वर्षांचे गणित कोणत्याही फेलोला विचारा. पहिले चार-सहा महिने घर शोधण्यात, परवान्यांत आणि नव्या विभागाची घडी समजण्यात जातात. शेवटचे आठ-दहा महिने पुढचे अर्ज भरण्यात. मध्ये एक वर्ष उरते. त्यात लेख छापून यायला हवेत, कारण पुढचा अर्ज त्यांवर चालणार. युरोपबाहेरून आलेल्यांच्या बाबतीत राहण्याचा परवानाही करारासोबत संपतो. अशा स्थितीत शहाणा माणूस आवृत्ती हाती घेत नाही. तो आवृत्तीच्या एका परिच्छेदावर लेख लिहितो. मग दुसऱ्या परिच्छेदावर दुसरा. ग्रंथ तसाच पडून राहतो आणि त्याच्याभोवती लेखांचे वारूळ वाढते.

वर पात्रतेची अट असते : पीएच.डी. होऊन अमुक वर्षांहून जास्त झालेली नसावीत. म्हणजे ज्या सुमारास माणसाची नजर तयार होते, हस्तलिखित त्याच्याशी बोलू लागते, त्याच सुमारास तो 'नवोदित' राहत नाही आणि दार बंद होते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्याकडे दैवासाठी वापरतात. इथे ती नियमावलीत लिहून ठेवली आहे.

यावर चार आक्षेप घेतले जातात. चारही मी ऐकले आहेत, काही चांगल्या लोकांकडून.

पहिला : त्सॉइस आणि स्टोक्स यांना कोणी फेलोशिप दिली होती? ज्याला खरी ओढ आहे तो काम करतोच. हा युक्तिवाद ऐकायला उदात्त आहे आणि हिशेबात खोटा आहे. स्टोक्स उरलेल्या वेळात काम करीत, पण वीस वर्षे त्यांचा पगार आणि पत्ता पक्का होता. दुसरे उदाहरण घ्या, जॉन ओडोनोव्हन यांचे. किल्केनीच्या शेतकऱ्याचा मुलगा, आयरिश घरातून ऐकलेली. हस्तलिखितांचे त्याच्याइतके ज्ञान त्या काळात फार थोड्यांना होते. आधी भूमापन खात्यात, नंतर कायदेग्रंथांचे भाषांतर करणाऱ्या आयोगाकडे, अशी कामे करीत तो जगला आणि १८६१ साली गेला. त्या कायद्यांचा पहिला खंड छापून आला १८६५ मध्ये. कॉर्मकच्या ज्या कोशाबद्दल वर लिहिले त्याचे भाषांतर मुळात ओडोनोव्हन यांचे. तेही स्टोक्स यांनी त्यांच्या मृत्यूनंतर छापले. ओढ दोघांनाही सारखीच होती. एकाला आपले पुस्तक पाहायला मिळाले, दुसऱ्याला नाही. डब्लिनच्या संस्थेत तरुण अभ्यासकांना दिली जाणारी एक शिष्यवृत्ती आज ओडोनोव्हन यांच्या नावाची आहे. नाव आदरानेच दिले आहे. पण ते देताना त्यांच्या आयुष्याची आठवणही ठेवायला हवी.

दुसरा आक्षेप : जागा थोड्या आहेत, तेव्हा फेलोशिप ही चाळणी आहे, उत्तम तेवढे खाली उतरतात. चाळणी कशासाठी आहे ते तिच्या भोकांवरून कळते. या चाळणीतून तो पार होतो ज्याला दोन करारांमधले आठ महिने बिनपगारी काढता येतात, ज्याचे आईवडील घरभाडे भरू शकतात, ज्याला मूल नाही किंवा ते सांभाळणारे दुसरे कोणी आहे, आणि ज्याच्याजवळ योग्य देशाचा पासपोर्ट आहे. यांत प्राचीन आयरिश येण्याचा संबंध कुठे येतो?

तिसरा आक्षेप मला गंभीर वाटतो. २०२२ च्या जनगणनेत, शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलतो असे सांगणारे आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सुमारे ७२ हजार लोक निघाले. जिवंत भाषा हातची जात असताना बाराशे वर्षांपूर्वीच्या क्रियापदावर पैसा का घालवायचा? हा प्रश्न विचारणाऱ्याला झिडकारण्याचा अधिकार कोणत्याही मराठी माणसाला नाही. ज्ञानेश्वरीचा जयजयकार आणि मराठी शाळांना कुलूप ही आपल्याकडची जोडगोळी आहेच. प्राचीन आयरिशच्या काही अभ्यासकांनी भाषेचा सांगाडा जपला आणि बोलणाऱ्याकडे ढुंकून पाहिले नाही, हेही मान्य करू. पण संस्थांचा इतिहास वेगळे सांगतो. डब्लिनच्या त्याच संस्थेने १९४४ साली पश्चिम मस्करीच्या आणि १९४५ साली गॉलवेजवळच्या कोश फारिगेच्या बोलीचे सविस्तर वर्णन छापले. जुने क्रियापद शिकलेली आणि जिवंत बोलीचे उच्चार टिपणारी माणसे एकाच छपराखाली होती. बोलणाऱ्यांना शाळा, घरे आणि रोजगार हवा. तो पैसा फेलोच्या तुटपुंज्या वेतनातून वाचवलेला नसतो आणि वाचवून पुरणारही नाही. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करून तिसऱ्याने खिसा बंद ठेवायचा, ही युक्ती जुनी आहे.

चौथा आक्षेप ताजा आहे : आता सगळे संगणकावर आले, यंत्र वाचील. खरे आहे की कोश आता जालावर आहे, हस्तलिखितांची छायाचित्रे घरबसल्या दिसतात. मेनूथ विद्यापीठात २०१५ पासून युरोपीय निधीवर झालेल्या प्रकल्पात प्राचीन आयरिश ग्रंथांतल्या शब्दांची व्याकरणासह सूची झाली, आणि ती अमोल आहे. पण प्रत्येक शब्दापुढे त्याचे रूप कोणीतरी ओळखून लिहिले. ज्यांनी लिहिले त्यांतले पुष्कळजण करारावरचे. यंत्राला शिकवणारे वाचक आपण दर दोन वर्षांनी घरी पाठवणार, आणि वर म्हणणार की आता वाचकांची गरज उरली नाही.

जिथे कायमच्या जागा होत्या तिथे त्या जात आहेत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने २०२४ च्या अखेरीस केल्टिकचा पदवी अभ्यासक्रम बंद करणार असल्याचे जाहीर केले. त्याच यादीत फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि अरबी होत्या. फ्रेंच-जर्मनची ही गत, तिथे प्राचीन आयरिशला कोण विचारतो? अशा बातमीनंतर हमखास कोणीतरी समजूत घालते की निराश होऊ नका, अजून फेलोशिपा निघतात. विहीर बुजवायची आणि तहानलेल्याला पेला भेट द्यायचा, तसे हे. फेलोशिपमधून बाहेर पडलेला माणूस ज्या खुर्चीवर बसायचा ती खुर्चीच काढून घेतली, तर फेलोशिप कशाची पायरी राहते?

आता आपल्याकडे पाहू. माइल्स डिलन हे आयरिश आणि संस्कृत दोन्ही जाणणारे पंडित. केल्ट आणि आर्य यांच्या समाजरचनेतल्या जुन्या साम्यांवरचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ साली सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने छापले. आपणही कधीकाळी हा विषय आपला मानला होता, याची ही खूण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला संस्कृतचा ऐतिहासिक कोश १९४८ साली सुरू झाला आणि अजून चालू आहे. बाहेरचे लोक त्याच्या संथपणावर हसतात. मी हसत नाही. तिथे शब्दांच्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांना शब्द कळायला किती काळ लागतो हे मी जवळून पाहिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. आता निधी येईल आणि पाठोपाठ फेलोशिपांच्या जाहिराती येतील. महानुभावांच्या पोथ्या, त्यांची सांकेतिक लिपी, शिलालेखांतली मराठी हे सगळे वाचणारी माणसे मोजकी उरली आहेत. आपण त्यांच्या मागच्या पिढीला जागा देणार आहोत की चोवीस महिने? आयर्लंडकडून शिकायचे तर १९४० चे शिकू. आजचे शिकायला आपल्याला शिकवणी लागणार नाही.

मग मागणी काय? फेलोशिपा बंद करा असे मी म्हणत नाही. माझी विद्यार्थिनी त्यांच्यावरच जगली. मागण्या साध्या आहेत. ज्या विषयात हस्तलिखित हे मूळ साधन आहे तिथे फेलोशिप पाच वर्षांहून कमी नसावी. ती देणाऱ्या विद्यापीठाने आधी लिहून द्यावे की काम ठरल्याप्रमाणे झाले तर पुढे जागा आहे. जागा नसेल तर तसे जाहिरातीतच छापावे, म्हणजे तिशीतला माणूस डोळे उघडे ठेवून अर्ज करील. चिकित्सक आवृत्ती, कोशातल्या नोंदी, हस्तलिखितांची सूची यांना लेखांइतके नव्हे, लेखांहून जास्त वजन द्यावे. 'समाजावर परिणाम' हा रकाना काढून टाकावा. स्टोक्स यांनी तो कसा भरला असता याची कल्पना करून पाहा. आणि फेलो निघून जाताना त्याचे अर्धे काम, पाठभेदांच्या वह्या आणि फायली, कोणाच्या तरी ताब्यात जाव्यात. आज त्या त्याच्याबरोबर जातात आणि पुढचा फेलो पहिल्या पानापासून सुरुवात करतो. यातली एकही मागणी अशी नाही की जी मान्य केल्याने एखादे विद्यापीठ बुडेल.

शेवटी त्या कायद्यांतलीच एक गोष्ट. प्राचीन आयरिश कायद्यात वरच्या दर्जाच्या माणसाकडून येणे वसूल करायचे असेल तर आधी त्याच्या दाराशी उपाशी बसावे लागे. त्याला 'त्रोस्कद' म्हणत. दार उघडून तारण न देता जो आत खुशाल जेवला, त्याची पत गेली. समाजात त्याला कोणी काही देणे लागत नसे. आपल्याकडचे धरणे ते हेच. १८०९ च्या सुमारास शिंद्यांच्या छावणीत थकलेल्या पगारासाठी शिपाई कारभाऱ्यांच्या दारात धरणे धरून बसत, हे ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत लिहिले आहे. १८६० च्या दंडसंहितेत दाराशी धरणे धरणे गुन्ह्याचे उदाहरण म्हणून आले. त्यानंतर पंधरा वर्षांनी हेन्री मेन यांनी या दोन्ही चालींची तुलना छापली. स्टोक्स यांच्यासारखे तेही भारताचे विधी सदस्य राहिलेले. ज्या सरकारने धरण्याला गुन्हा ठरवले त्याच सरकारच्या पगारावर त्याचे आयरिश भावंड ओळखले गेले.

त्रोस्कद काय किंवा धरणे काय, दोन्ही चालायला एक गोष्ट लागते : दारामागे कोणीतरी राहत असले पाहिजे आणि त्याला लाज असली पाहिजे. माझ्या विद्यार्थिनीने कोणाच्या दाराशी बसावे? विद्यापीठ म्हणते पैसा निधी देणाऱ्या संस्थेचा. ती संस्था म्हणते जागा देणे विद्यापीठाचे काम. सरकार म्हणते विद्यापीठे स्वायत्त आहेत. तीन दारे, आणि तिन्हींवर दुसरीकडचा पत्ता.

बारावे पत्र गेले आहे. उत्तर यायला चार महिने आहेत. दरम्यान तिच्या हस्तलिखितांपैकी दोन पूर्ण ताडून झाली, तिसऱ्याची एकोणीस पाने राहिली. ती रात्री करते.